सड्यावरची चराई बंद करू नका : कोकणातल्या ग्रामसभांना खुले पत्र

प्रति,
रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या ग्रामपंचायतींचे सरपंच, सदस्य आणि ग्रामसभेला बसणारे सर्व गावकरी

सप्रेम नमस्कार.

येत्या २ ऑक्टोबरला आपापल्या गावात ग्रामसभा भरेल. पुढच्या वर्षीच्या कामांची यादी वाचून दाखवली जाईल आणि बऱ्याच गावांच्या यादीत एक काम ठरलेलं असेल : गुरचरणात किंवा सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर, वृक्षलागवड, भोवती चर आणि तारेचं कुंपण. हात वर होतील, ठराव मंजूर होईल. झाडं लावायला नको कोण म्हणणार? मी म्हणतो आहे, आणि का म्हणतो आहे ते नीट सांगता यावं म्हणून हे पत्र लिहितो आहे. राजापूर तालुक्यात माझी भातशेती आहे, गावठी गुरं आहेत, ती सड्यावर चरतात. म्हणजे यात माझा स्वार्थ आहेच. पण सडा गेला तर नुकसान फक्त गुरंवाल्यांचं होणार नाही, आणि तेवढं पटवून देण्यापुरता तुमचा वेळ मला हवा आहे.

आपल्या कागदपत्रांत सडा कुठे पोटखराबा आहे, कुठे वरकस, कुठे नुसता पडीक. मार्चमध्ये पाहिलं तर तसंच वाटतं, काळा कातळ आणि करपलेलं गवत. पण आत्ता, सप्टेंबर सरायच्या आत, सड्यावर जा आणि हातभर चौरस जागा गुडघे टेकून बघा. कुसळीचे झुबके वाऱ्यावर हलताना लांबून दिसतात, पण त्यांच्या पायाशी जे आहे ते वाकल्याशिवाय दिसत नाही. कवळ्याची पिवळी फुलं, जमिनीला चिकटून पसरलेली तीन पानांची रानमेथी, तेरड्याची रोपटी, बोटभर उंचीची पाच-सहा तऱ्हेची बारीक गवतं. जिथे कातळावरून पाणी झिरपतं तिथे सीतेची आसवं निळीजांभळी फुललेली, त्यांच्यात गेंदाचे पांढरे गोंडे आणि चिखलाला लागून दवबिंदूची तांबडी, चिकट पानं. चार पावलं पुढे जा, मातीचा थर दोन बोटांचा वीतभर झालेला असेल, आणि तिथे वनस्पतींचा संच वेगळा असेल. पहिल्या पावसानंतर कंदातून वर येणारी पांढरी दिपकाडी तर आपल्याच सड्यांची. कोकणाबाहेर ती शोधायला जाऊ नका.

यातलं एकेक रोप मातीबद्दल काहीतरी सांगतं. सीतेची आसवं आणि दवबिंदू या किडे खाणाऱ्या वनस्पती आहेत. सीतेच्या आसवांच्या मुळाशी सूक्ष्म पिशव्या असतात, त्यांत पाण्यातले बारीक जीव अडकतात. दवबिंदू पानांवरच्या चिकट थेंबांनी चिलटं धरतो. ज्या मातीत नत्र (नायट्रोजन) पुरेसं मिळत नाही तिथेच अशी खटपट करणारी झाडं तग धरतात. कवळा आणि रानमेथी यांची वाट निराळी. त्या शेंगावर्गीय आहेत, त्यांच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतलं नत्र मातीत आणतात. म्हणजे सड्यावर नत्राची टंचाई आहे, ती भरून काढणारेही तिथेच आहेत, आणि कुठल्या दुकानातून काही आणावं लागत नाही.

जांभ्याची माती मुळातच गरीब. हजारो पावसाळ्यांनी तिच्यातला चुना, मॅग्नेशियम, पालाश धुऊन नेला आणि मागे लोह आणि ॲल्युमिनियम राहिलं. म्हणून ती तांबडी दिसते, म्हणूनच ती आंबट असते. हे लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) असं धरून ठेवतात की मातीत असूनही तो रोपाच्या हाती लागत नाही. तिच्यातली चिकणमातीही अन्नद्रव्यं फारशी धरून ठेवत नाही. काळ्या जमिनीत हे काम निम्मं चिकणमातीच करते. आपल्याकडे ते जवळपास सगळं सेंद्रिय पदार्थावर येऊन पडतं, म्हणजे कुजलेली मुळं, शेण, पाचोळा, बुरशी आणि जिवाणू. सड्यावर असलेली दोन बोटं माती जिवंत राहते ती या सेंद्रिय थरामुळे, आणि हा थर मुख्यतः मुळं तयार करतात. वरचं गवत गुरं खातात, आपण कापून नेतो, वणव्यात जळतं. खालची मुळं मात्र दरवर्षी काही मरतात, काही नवी फुटतात, आणि मातीला घालतात ते हेच.

म्हणून किती तऱ्हेची मुळं आहेत याला महत्त्व. कुसळीची तंतुमय मुळं वरचा थर जाळीसारखी धरून ठेवतात. शेंगावर्गीयांचं सोटमूळ कातळाच्या फटीत घुसतं. कंदवाले आपला साठा खाली ठेवून आठ महिने झोपतात. कोणी जूनमध्ये वाढतं, कोणी ऑगस्टमध्ये, कोणी पाऊस सरताना, त्यामुळे पावसाळाभर मातीत कोणाचं ना कोणाचं मूळ काम करत असतं. मुळांशी जोडलेल्या बुरशीचे धागे केसाहून बारीक असतात, ते मुळं पोचत नाहीत तिथे जाऊन लोहाने धरलेला स्फुरद सोडवून आणतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. याच धाग्यांनी आणि मुळांतून पाझरणाऱ्या चिकट द्रव्यांनी मातीचे कण एकमेकांना धरतात.

हे घरी करून बघण्यासारखं आहे. सड्यावर चरलेल्या गवताखालचं एक सुकं ढेकूळ घ्या, दुसरं जेसीबीने गवत खरवडून काढलेल्या रस्त्याच्या कडेचं. दोन काचेच्या पेल्यांत पाणी भरून दोन्ही हलकेच सोडा. मी केलं तेव्हा रस्त्याकडचं ढेकूळ बघता बघता विरघळलं आणि पाणी तांबडं झालं. गवताखालचं ढेकूळ बुडबुडे सोडत राहिलं, पण आकार सोडला नाही, पाणी वरपर्यंत स्वच्छ होतं आणि त्याच्या अंगावरचे मुळांचे केस पाण्यात उघडे झालेले दिसत होते. आपल्याकडे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांत. पहिलं ढेकूळ असलेली जमीन त्या पावसात वहाळात जाते, तिथून खाडीत. दुसऱ्या जमिनीत पाणी मुरतं, सच्छिद्र जांभ्यातून खाली उतरतं आणि सड्याच्या पायथ्याला झऱ्यांतून, विहिरींतून निघतं. ज्या वाड्या सड्याखाली वसल्या आहेत त्यांनी आपल्या विहिरीचं पाणी कुठून येतं याचा विचार ठरावाला हात वर करण्याआधी करावा.

जास्त जातींचं गवत मातीला जास्त देतं, हे परदेशात मोजूनही झालेलं आहे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या सीडर क्रीक इथे १९९४ साली दीडशेहून जास्त वाफ्यांत एक, दोन, चार, आठ आणि सोळा जातींची मिश्रणं पेरली गेली, खत न घालता. वर्षं गेली तसे सोळा जातींचे वाफे एकेका जातीच्या वाफ्यांहून दुपटीपेक्षा जास्त वाढू लागले, आणि त्यांच्या मातीत कर्ब आणि नत्रही जास्त साठलं. सगळ्यात जास्त साठा झाला तो उष्ण हवेत वाढणारी गवतं आणि शेंगावर्गीय वनस्पती एकत्र असलेल्या वाफ्यांत. आपल्या सड्यावर कुसळी आणि कवळा ही हीच जोडी आहे, आणि ती कोणी पेरलेली नाही.

दुसरं उदाहरण इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडचं. तिथल्या एका गवताळ रानात १८५६ पासून वेगवेगळ्या तुकड्यांना वेगवेगळी खतं देतात आणि गवत कापतात, प्रयोग अजून चालू आहे. ज्या तुकड्याला कधीच खत दिलं नाही तिथे आजही चाळीसच्या आसपास जाती नांदतात. ज्या तुकड्याला वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट मिळालं आणि चुना मिळाला नाही, तिथली माती इतकी आंबट झाली की एक-दोन गवतांपलीकडे काही उरलं नाही. आपली माती आधीच आंबट. वैरण वाढावी म्हणून सड्यावर युरिया फेकायचा सल्ला कोणी दिला तर हा तुकडा आठवा. युरियाही माती आंबटच करतो, आणि आयतं नत्र मिळालं की कवळा, रानमेथी यांना उंच गवतं दाबून टाकतात. नत्र आणणारे घालवून नत्र विकत आणायचं, यात गावाचा काय फायदा?

आता गुरांकडे येतो, कारण सड्यावर गुरं म्हणजे नासधूस असं शहरातून आलेल्या बऱ्याच जणांना वाटतं, आणि अलीकडे आपल्यातल्याही काहींना वाटू लागलंय. गाय जिभेने गवताला वेढा घालून ते ओढून तोडते, म्हणून तिला उंच गवत सोपं आणि जमिनीलगतचं अवघड. शेळी ओठांनी निवडून पाला खाते, काटेरी झुडपाचे कोंब खुडते. म्हैस पाण्याच्या जागा धरून राहते. गाईने कुसळीचे झुबके जुलै-ऑगस्टमध्ये खाल्ले की खालच्या बारीक रोपांना ऊन मिळतं. कवळा, गेंद, आसवं ही सगळी उन्हाची लेकरं, सावलीत ती जगत नाहीत. कुसळी फुलोऱ्यावर येण्याआधी चांगली वैरण असते, पण एकदा कुसळं धरली की गुरांच्या तोंडाला आणि कातडीला टोचतात, मग ती कोणी खात नाही. वेळेवर चरलं नाही तर सडा कुसळांनी भरतो, दाट वाळकं गवत उभं राहतं, आणि फेब्रुवारीत एक काडी पुरते.

कोकणची गुरं लहान चणीची, काटक, चढउताराला सरावलेली. ती गावठी म्हणून आपण फारशी किंमत केली नाही, पण दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात त्यांचा अभ्यास झाला आणि 'कोकण कपिला' या नावाने त्यांची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली. सिंधुदुर्गाकडच्या शेळ्यांची 'कोकण कन्याळ' म्हणून तशीच नोंद आहे. शेकडो वर्षं सड्यावर चरून घडलेली ही जनावरं आहेत. सडा नसेल तर ती कशासाठी पाळायची?

आणि शेण. अशी एक गाय दिवसाला आठ-दहा किलो शेण टाकते. पावसाळ्यात सड्यावर पडलेलं ताजं शेण उलटून बघा, खाली शेणकिड्यांनी पाडलेली भोकं दिसतील. ते शेणाचे गोळे जमिनीत नेऊन पुरतात, त्यात अंडी घालतात. त्यांच्या बिळांतून हवा आणि पाणी खाली जातं, शेणातलं नत्र उन्हात उडून जाण्याऐवजी मुळांजवळ पोचतं. इथे गुरं पाळणाऱ्यांना एक विनंती. जंतासाठी आयव्हरमेक्टिन टोचलं की ते औषध शेणातून बाहेर पडतं आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतं. औषध देऊ नका असं म्हणत नाही. गरज असेल तेव्हा, डॉक्टरांना विचारून द्या, आणि ते दिल्यावर काही दिवस ते जनावर गोठ्यात बांधून वैरण घाला.

पण शेणाचा हिशेब पुरा मांडायचा तर आपल्या बाजूचं देणंही लिहायला हवं. गुरं दिवसा सड्यावर चरतात आणि रात्री गोठ्यात बांधली जातात. अर्धं शेण गोठ्यात पडतं, तिथून खड्ड्यात, खड्ड्यातून भाताच्या मळ्यात. भाजावळीला, म्हणजे भाताची रोपं करायची जमीन भाजायला, गवत लागलं की सड्यावरून आलं, कवळं (पाल्याच्या डहाळ्या) तोडली ती सड्याच्या कडेच्या झाडांची. पिढ्यान् पिढ्या सडा आपल्या भाताला खत घालत आला आहे. त्याने दिलेलं नत्र कवळ्याने आणि रानमेथीने भरून काढलं, पण स्फुरद आणि चुना कोणी भरून काढला नाही. म्हणून चराई अमर्याद असू शकत नाही. वाडीच्या जवळच्या तुकड्यावर रोज तीच गुरं, जूनच्या पहिल्या आठवड्यापासून, ओल्या मातीत खूर रुतवत फिरली की काय होतं ते आपण बघतोच : जमीन दगडासारखी दाबली जाते, गवत मुळापासून जातं आणि टाकळा माजतो. लांबच्या सड्यावर मात्र गवत उभंच्या उभं वाळतं. एकाच गावात अतिचराई आणि चराईचा अभाव, दोन्ही एकदम. याला कारण गुरांची संख्या नाही, गुराखी नसणं आहे.

गुराखी का राहिला नाही हे तुम्हाला मी काय सांगावं. पोरं मुंबईला गेली, राहिली ती शाळा-कॉलेजात आहेत, आणि ज्याच्याकडे दोनच गुरं आहेत त्याला त्यांच्यामागे दिवस घालवणं परवडत नाही. मग गुरं मोकाट सुटतात, कोणाच्या काजूच्या कलमात शिरतात, भांडणं होतात, काही महामार्गावर जाऊन बसतात. शेवटी माणूस गुरं विकून टाकतो. २०१९ च्या पशुगणनेत देशभरातच देशी गोवंश आधीच्या गणनेपेक्षा ६ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. आपल्या वाडीतले गोठे मोजले तर वेगळी गणना लागणार नाही.

गुरं कमी झाल्यावर सडा आपोआप हिरवागार होत नाही. आधी कुसळं वाढतात, मग वणवा लागतो. वणव्यात नत्र आणि गंधक धुरावाटे जातं. राखेत उरलेला पालाश आणि चुना पहिल्याच सरीत वाहून जातो. जमिनीवर घरटं करणाऱ्या टिटवीची अंडी त्यात जातात, शेजारच्या आंबा-काजूची बाग जाते. जळलेल्या, उघड्या पडलेल्या जागेत रानमोडी आणि रानतुळस शिरतात. गुरं त्यांना तोंड लावत नाहीत. दोन-चार वर्षांत डोक्याएवढी रानमोडी झाली की त्या जागेला पाहून कोणीही म्हणेल, हा काय, पडीकच आहे, इथे काहीतरी करायला हवं.

मग कुंपण येतं. कुंपणाने काय होतं हे आपल्या देशात दोनदा तरी कळून चुकलंय. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव पाणथळीत १९८२ साली म्हशींची चराई बंद केली गेली. पक्ष्यांचं भलं व्हावं हाच हेतू होता. गावकऱ्यांचा विरोध झाला, गोळीबारात माणसं गेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अनेक वर्षांच्या अभ्यासात दिसलं की म्हशी गेल्यावर एका पाणगवताने सगळी पाणथळ गुदमरवून टाकली, आणि पक्ष्यांसाठी चराई उपयोगाची होती. दुसरं आपल्या शेजारचं, साताऱ्याच्या कास पठाराचं. फुलांचं रक्षण म्हणून कुंपण घातलं, गुरं बाहेर ठेवली. गवत माजून फुलं दबली जातात अशी तक्रार गावकऱ्यांनी आणि अभ्यासकांनी केली, आणि काही वर्षांनी ते कुंपण काढायचं ठरलं. आपण तोच धडा पुन्हा पैसे भरून का शिकायचा?

झाडांचंही तसंच. ऐंशीच्या दशकापासून आपल्या सड्यांवर आकेशिया लावला गेला. तो झपाट्याने वाढतो, कातळावरही तगतो, नत्रही धरतो, हे सगळं खरं आहे. पण त्याच्याखाली जाऊन बघा. चामड्यासारख्या पानांचा जाड थर, लवकर न कुजणारा, आणि त्याखाली गवताची काडी नाही. गुरांना त्यात काही नाही, शेणकिड्यांना नाही, उन्हाळ्यात तो थर पेटला की आग आवरत नाही. देशी झाडं लावू म्हणाल तर माझं उत्तर तेच आहे. दोन बोटं मातीवर वड-पिंपळ जगवायचे तर सुरुंग लावून खड्डे करावे लागतात आणि त्यांत माती भरावी लागते. ती माती येते कुठून? शेजारच्या सड्यावरून खरवडून. १९९० नंतर रोजगार हमीतून फळबाग लागवड आली, तिने आपल्या कित्येक घरांना उभं केलं, त्याबद्दल मी वावगं बोलणार नाही. पण कातळावरच्या कलमांसाठी आजूबाजूचे किती सडे खरवडले गेले, तेही आपण पाहिलंय. शेकडो वर्षांत जमलेली माती जेसीबी एका दुपारी उचलतो.

झाडं लावायचीच आहेत ना, तर वहाळाच्या काठाला लावा, पाणंदीला लावा, सड्याच्या उतारावर जिथे माती खोल आहे तिथे जांभूळ, रातांबा, फणस, किंजळ लावा. मी स्वतः खड्डे खणायला येईन. उघडा सडा मात्र उघडाच राहू द्या.

मग ठरावात काय लिहायचं, ते सांगतो. सगळ्यांत आधी गुराखी. गावाने किंवा दोन-तीन वाड्यांनी मिळून एक माणूस नेमावा आणि त्याला महिन्याचं मानधन द्यावं, थोडं गुरंवाल्यांनी, थोडं ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून. कुंपणावर आणि दरवर्षी मेलेली रोपं बदलण्यावर जो खर्च होतो त्यापुढे हा खर्च मोठा नाही, आणि गावातल्या एका घराला रोजगार मिळतो. बाकीच्या सगळ्या गोष्टी गुराखी असेल तरच होतील, म्हणून हे पहिलं आणि सर्वांत महत्त्वाचं.

गुराखी आला की सडा वाटून चारता येतो. चार भाग पाडा, कुंपण नको, जुने गडगे आणि वहाळ यांच्याच हद्दी पुरतात. मृगाचा पाऊस लागल्यावर गवत वीतभर होईपर्यंत गुरं वर नेऊ नका, तोवर गोठ्यात पेंढा घाला. नंतर एका भागात काही दिवस चारून पुढच्या भागात जायचं आणि गवत पुन्हा वीतभर झालं की परत यायचं. चारपैकी एक भाग दरवर्षी राखायचा, ऑक्टोबर अखेर बी गळेपर्यंत त्यात गूर सोडायचं नाही, मग गवत कापून उडवी रचायची. पुढच्या वर्षी राखण दुसऱ्या भागाची. आपले आजोबा हे करतच होते, फक्त त्यांना ठराव लिहावा लागला नाही.

वणव्यासाठी दिवाळीनंतर, गवत पुरतं वाळायच्या आत, भागांच्या हद्दीवर गवत कापून दहा-बारा हात रुंद जाळरेषा काढा, आणि फेब्रुवारी ते एप्रिल आळीपाळीने गस्त ठेवा. रानमोडी उपटायची ती आत्ता, ऑगस्ट-सप्टेंबरात, माती ओली असताना मुळासकट. नोव्हेंबरात ती फुलोऱ्यावर येते, तेव्हा तोडून उपयोग नाही. आणि सड्यावरून माती उचलण्यावर गावबंदी घाला.

कायद्याचं बळ हवं असेल तर तेही आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २२ खाली गावाच्या गुरांसाठी जमीन राखून ठेवता येते आणि कलम २२-अ गुरचरण दुसऱ्या कामाकडे वळवण्यावर बंधन घालतं. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या जगपालसिंग निकालात गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला राज्यांना सांगितलं आहे. आपल्याकडची अडचण वेगळी आहे हे मला माहीत आहे. कोकणात पुष्कळ सडे सरकारी गुरचरण नाहीत, खाजगी सामाईक आहेत, सात-बाऱ्यावर चाळीस-पन्नास नावं, त्यांतली निम्मी मुंबईला. ग्रामसभा एकटी त्यावर हुकूम सोडू शकत नाही. म्हणून ही चर्चा एकदा शिमग्याला, चाकरमानी घरी आलेले असताना, मांडावर बसून व्हायला हवी. ज्याच्या नावावर सडा आहे आणि ज्याची गुरं तिथे चरतात, ते दोघे एकमेकांसमोर बसले की बरंच काही सुटतं. न बसल्याने सड्यांचे व्यवहार परस्पर होतात, आणि तो फार मोठा विषय आहे, या पत्रात मावणार नाही.

आणखी एक काम, त्याला पैसा लागत नाही. जैवविविधता अधिनियम, २००२ खाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. बहुतेक गावांत समिती कागदावर आहे आणि नोंदवही कोणीतरी बाहेरून येऊन दोन दिवसांत भरून दिलेली. तिच्यात आंबा, काजू, फणस, वड सापडतील. सड्यावरचं गवत सापडणार नाही. आपल्या वाडीत अजून अशा बाया आणि म्हातारे आहेत ज्यांना कुठलं गवत दुभत्या गाईला घालायचं, कुठलं गाभण गाईला नाही, कवळ्याची भाजी कोणत्या जागेवरची चांगली लागते आणि कोणत्या तुकड्यावर पूर्वी काय उगवायचं हे पाठ आहे. त्यांना सड्यावर न्या, शाळेतल्या मुलांना वही-पेन्सिल देऊन सोबत पाठवा, आणि त्या जे नाव सांगतील तेच नोंदवहीत लिहा, शास्त्रीय नाव नंतर घालता येईल. हे काम ग्रामसभेच्या आधीच्या आठवड्यातच उरका. ऑक्टोबरचं ऊन लागलं की कातळावरची अर्धी रोपं सुकून ओळखू येत नाहीत, मग पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबावं लागेल.

आपला,
राजापूर तालुक्यातला एक गुरं पाळणारा शेतकरी